बीम संपला, संपली की संपलं? चौथ्या वर्षाच्या प्रकल्पाच्या नोंदी

चौथ्या वर्षाला ‘संशोधनासह ऑनर्स’ घेतलं. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त गुण असले की हा मार्ग मिळतो आणि प्रबंधाला १२ श्रेयांक असतात. विषय भाषाविज्ञानाचा, गाव सोलापूर. या नोंदी मुळात दोनशे पानी वहीत होत्या. पुढच्या वर्षी हेच करणाऱ्या दोघींनी वही मागितली. माझं अक्षर कुणाला लागत नाही, म्हणून टाइप करून देते आहे. माणसांची नावं काढली आहेत, चुका ठेवल्या आहेत.

१४ जुलै

विषय ठरवायला गेले तेव्हा माझ्या कागदावर मथळा होता ‘सोलापूरची बहुभाषिकता’. मार्गदर्शक मॅडमनी तो वाचला आणि म्हणाल्या, “यात चार जणांच्या पीएचड्या होतील. तुला किती महिने आहेत?” आठ.

मी कुपवाडचं उदाहरण पुढे केलं. सांगलीजवळच्या या गावावर गंपर्झ आणि विल्सन या भाषाअभ्यासकांनी १९७१ मध्ये लेख लिहिला. तिथे मराठी, कन्नड, उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या. शब्द ज्याचे त्याचे राहिले, पण वाक्यांची घडण इतकी सारखी झाली की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करता यावं. मला आमच्या पूर्व भागात (सोलापुरातली तेलुगू विणकरांची वस्ती) तसंच काहीतरी शोधायचं होतं. मॅडम म्हणाल्या, “एक गोष्ट धर. एकच.”

एक गोष्ट माझ्याकडे सहावीपासून होती. वर्गात मी म्हणाले होते, “माझी पेपर चांगली गेली.” वर्ग हसला. आमच्या घरी तेलुगू. आजोबा मागावर काम करायला तेलंगणातून आले, नाना (वडील) जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे, अव्वा (आजी) अजून विड्या वळते. घरात पुरुष आला तर ‘वच्चिंडु’. बाई आली, मांजर आलं, रिक्षा आली, तिघांनाही ‘वच्चिंदि’. मराठीत मात्र प्रत्येक वस्तूला तो-ती-ते चिकटवायचं असतं. मग तेलुगू घरातली माणसं मागावरच्या वस्तूंना मराठीत कोणतं लिंग लावतात? विषय हा ठरला. मॅडमनी ‘सोलापूरची बहुभाषिकता’ खोडलं आणि पेनाचं टोपण लावलं.

२३ जुलै

शब्दांची यादी. नानांना विचारत बसले. माग, धोटा, कांडी (घरी आम्ही ‘कंडे’ म्हणतो), फणी, बीम (ताण्याचं सूत गुंडाळायचा मोठा रूळ), कोन (शंकूच्या आकाराचं सुताचं रीळ), पट्टा, सूत, धागा, गाठ, चादर, टॉवेल. एकूण २० शब्द. प्रत्येकापुढे कोशातलं लिंग लिहिलं: पु., स्त्री., न. बीम कोशात सापडला नाही. मी आपल्या मनानं ‘पु.’ लिहिलं आणि पुढे गेले. हे वाक्य लक्षात ठेवा.

२ ऑगस्ट

पहिलं रेकॉर्डिंग, अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात, चालू मागांच्या मधे. फोन खिशातून काढून हातात धरला आणि प्रश्न विचारत गेले. तीन माणसं, पाऊण तास. तिथे लोक ओठ बघून बोलतात, अर्धं हातानं सांगतात, हे मी लहानपणापासून बघत आले आहे. तरी रेकॉर्डरला ओठ दिसत नाहीत हे डोक्यात आलं नाही.

घरी ऐकलं तर नुसता खडखडाट. शब्द कळतात, शेपूट कळत नाही, आणि माझा सगळा प्रकल्प शेपटात. ‘संपला’ आणि ‘संपलं’ यांत फरक शेवटच्या स्वराचा. ‘आ’साठी तोंड थोडं जास्त उघडतं, एवढाच. मागाच्या आवाजात तो पहिल्यांदा बुडतो. ‘संपली’ तेवढी ओळखू येते. तिन्ही फायली बाद.

इथून पुढे मुलाखती घरी, पंखा बंद करून. ६५० रुपयांचा कॉलरला लावायचा माइक घेतला. पंखा बंद म्हटल्यावर सोलापूरच्या ऑगस्टमधेही लोक माझ्याकडे कसे बघतात ते सांगत नाही.

९ ऑगस्ट

विडी घरकुलात (विडी कामगारांची वसाहत) चार घरं. माइक चांगला, आवाज स्वच्छ, आणि चारही रेकॉर्डिंगं तेलुगूत! मी मराठीत विचारते, समोरची अक्का तेलुगूत उत्तर देते. “मराठीत सांगा ना अक्का” म्हटलं की दोन वाक्यं मराठीत आणि तिसऱ्याला परत तेलुगू. का नाही करणार? मी कुणाची नात ते तिला ठाऊक आहे. माझ्याशी मराठीत बोलणं म्हणजे तिला नाटक वाटतं.

मला वाटत होतं, मी घरची आहे हा माझा मोठा फायदा. दार उघडायला, चहा मिळायला, तो होता. बोलायला नव्हता.

तोडगा: वर्गातली एक मैत्रीण, घर बाळे भागात, तेलुगू शून्य. प्रश्न ती विचारणार. मी ओळख करून देऊन बाहेर ओट्यावर बसणार. तिला बदल्यात तिच्या प्रबंधाची मुद्रितं तपासून द्यायची. (ती १४० पानं निघाली. आधी विचारून घ्या.)

३० ऑगस्ट

तीन आठवडे काही नाही. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथोत्सव असतो, पूर्व भागात त्याच्या आधीचे आणि नंतरचे दिवस कुणी मुलाखतीला बसत नाही. मी स्वतः बसले नसते. याच गावची असून वेळापत्रकात हे धरलं नव्हतं. बाहेरून आलेल्या संशोधकाला माफ, मला नाही.

६ सप्टेंबर

या प्रकल्पातली सगळ्यात मूर्ख चूक आज सापडली, म्हणून सविस्तर लिहिते.

गप्पांमधून हवे ते शब्द येत नाहीत, म्हणून फोटोंची कार्डं करायची ठरली. कार्ड दाखवायचं, “काय दिसतंय?” विचारायचं. माणूस म्हणेल ‘पांढरा टॉवेल’ किंवा ‘पांढरी टॉवेल’, की लिंग कळलं. २० कार्डं रंगीत छापली, लॅमिनेट केली, ५६० रुपये. मैत्रिणीनं आज पाच जणांना दाखवली.

पहिलं कार्ड चादरीचं. सोलापूरची चादर म्हणून मी हौसेनं लाल फुलांची निवडलेली. पाचही जण म्हणाले, “लाल चादर.” दुसरं टॉवेलचं, गुलाबी. “गुलाबी टॉवेल.” तिसरं सुताचं. “लाल सूत.” चौथ्या माणसाला मैत्रिणीनं विचारलंही, “अजून सांगा ना काही.” ते म्हणाले, “मस्त लाल आहे.”

लाल बदलत नाही! लाल टॉवेल, लाल चादर, लाल सूत. गुलाबीही बदलत नाही. बदलतात ते पांढरा, काळा, निळा, पिवळा, हिरवा. हे शाळेत विकारी-अविकारी विशेषण म्हणून पाठ केलेलं आहे, त्यावर मी दोन गुण मिळवलेले आहेत. आणि २० पैकी ११ कार्डांवर लाल नाहीतर गुलाबी.

दुसरी गोची: काही फोटोंत वस्तू दोन-तीन होत्या. ‘पांढरी’ म्हटलं तर ती एक स्त्रीलिंगी की अनेक नपुंसकलिंगी? सांगता येत नाही.

नवीन कार्डं केली. एका कार्डावर एकच वस्तू, रंग फक्त पांढरा, निळा, पिवळा, हिरवा. शिवाय प्रत्येक वस्तूचं दुसरं कार्ड, ज्यात तिला काहीतरी झालंय: कांडी संपलेली, धागा तुटलेला, टॉवेल भिजलेला. म्हणजे विशेषण नाही आलं तर क्रियापद येईल. आणखी ७२० रुपये. या वेळी लॅमिनेट करण्याआधी पाच जणांना साध्या कागदावर दाखवली.

२० सप्टेंबर

संमतिपत्र. विभागाचा नमुना दोन पानी, भाषा अशी की ‘सदर संशोधनात माझा सहभाग ऐच्छिक असून’. एका मामांनी चष्मा लावून पूर्ण वाचला, खाली ठेवला, म्हणाले, “सही कशाला? पगार किती विचारणार का?” दुसऱ्या घरात मी विडी कंपनीकडून आले असं वाटलं. एका आजोबांचं शिक्षण तेलुगू माध्यमात झालेलं; मराठी बोलतात फर्डी, वाचायला वेळ लागतो. त्यांना ते कागद पुढे करणं मलाच बरं वाटेना.

मॅडमना विचारून तोंडी संमती घ्यायला लागलो. रेकॉर्डर चालू करून आधी चार साधी वाक्यं: कोण आहोत, कशासाठी, नाव कुठे येणार नाही, मधेच थांबवता येईल. समोरच्यानं ‘चालतंय’ म्हटलं की पुढे. तोंडी संमतीची परवानगी विभागाकडून लेखी घेऊन ठेवा. माझी अर्जात अडकली आणि त्यात दहा दिवस गेले.

११ ऑक्टोबर

तेलुगू घरातले १२ जण पूर्ण: सहा पन्नाशीच्या पुढचे, सहा पंचविशीच्या आतले. मैत्रीण आता इतकी सरावली आहे की लोक तिलाच फोन करतात.

एका घरी अक्का विड्या वळता वळता बोलल्या. माइक पदराला. ओली पानं कातरण्याचा आवाज मला बाहेर ऐकूसुद्धा आला नव्हता, पण रेकॉर्डिंगमधे दर दुसऱ्या शब्दाच्या शेवटी कच् कच्. तरी मी त्यांना काम थांबवा म्हटलं नाही. मजुरीचा हिशोब हजार विड्यांवर असतो, अर्धा तास म्हणजे त्यांचे पैसे. त्यांची निम्मी उत्तरं ‘अस्पष्ट’ खात्यात टाकली.

एक पोरगा, बारावी झालेला, माइक बघून एकदम पुस्तकी झाला: “हे सूत पांढरे आहे.” आता ‘पांढरे’ हे लेखी मराठीतलं नपुंसकलिंगी एकवचन, की पुल्लिंगी अनेकवचन? वस्तू एकच ठेवली होती म्हणून वाचलो.

१८ ऑक्टोबर

प्राटमधे (आवाजाचं विश्लेषण करायचं सॉफ्टवेअर) फायली उघडेनात. फोन एम-फोर-ए करतो, प्राट ते घेत नाही. दोन रात्री गेल्या. शेवटी ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमधे उघडून वेव्ह म्हणून जतन केल्या. त्यासाठी ऑडॅसिटीला एफएफएमपेग वेगळं जोडावं लागतं. ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, मोनो. मिनिटाला साधारण ५ एमबी पडतात, जागा आधी करून ठेवा. आणि मैत्रिणीनं दोन फायली मला व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस मेसेजसारख्या पाठवल्या होत्या. त्या तिथे दाबल्या जातात. मूळ फायली पेन ड्राइव्हवरच घ्या.

१५ नोव्हेंबर

दिवाळी संपली, मराठी घरातल्या यंत्रमाग कामगारांची तुलनेसाठी लागणारी १२ माणसं सुरू. खरं सांगायचं तर हे काम मी कंटाळत करत होते. यांची उत्तरं कोशासारखीच येणार, रकाना भरायचा आणि पुढे जायचं. मुळात मला हा गटच नको होता. मॅडमनी हट्ट धरला.

पहिले मामा, तीस वर्षं मागावर, घरची मराठी. बीमचं कार्ड: रिकामा बीम. म्हणाले, “बीम खाली झाली.” मी ओट्यावर होते, आत डोकावले. मैत्रिणीला वाटलं ऐकायची चूक. तिनं विचारलं, “झाली?” मामा म्हणाले, “खालीच झालंय की. खाली झालं तर दुसरं लावायचं, विचारायचं काय त्यात!”

एका दमात ती, ते, ते. शेजारी त्यांचा मुलगा बसला होता, त्यानं सुधारलं: “बीम खाली झाला.” बाप-लेकाची तिथेच जुंपली. मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “आमच्यात बीम भरलं असंच म्हणतात.”

रात्री २३ जुलैचं पान उघडलं. बीम, पु. माझ्याच हातचं. या एका अक्षराच्या जोरावर मी गेले दोन महिने तेलुगू घरातल्या उत्तरांपुढे लाल पेननं फुली मारत होते. ‘बीम संपली’ म्हणणाऱ्या माझ्या अव्वालाही फुली होती.

२९ नोव्हेंबर

मराठी घरातले १२ पूर्ण. बीम: पाच जण तो, चार जण ते, तिघं ती. कोन (सुताचा): अर्धे-अर्धे. टॉवेल: दहा तो, दोन ते.

तेलुगू घरातल्या वह्या पुन्हा उघडल्या. ‘चूक-बरोबर’ हा रकाना काढून टाकला. त्याच्या जागी फक्त तो/ती/ते/अस्पष्ट. फुल्या खोडायला एक रविवार गेला. मग दोन्ही गट शेजारी ठेवले तर चित्र वेगळंच निघालं. धोटा, पट्टा, धागा, कांडी, फणी यांत कुणीच अडखळलं नाही, तेलुगू घर असो की मराठी. आकारान्त तो, ईकारान्त ती, शब्दच सांगतो. घोळ सगळा चादर, गाठ, टॉवेल, बीम, कोन यांत, म्हणजे ज्यांच्या शेवटावरून काही कळत नाही तिथे. पन्नाशीपुढच्या तेलुगू घरांत चादर आणि गाठ दोन्हींत घोळ होता. मराठी घरांत तो नव्हता; हा खरा फरक. पण बीम आणि कोन यांत दोन्ही गट सारखेच विस्कटलेले. आणि मराठी शाळेत गेलेली तेलुगू घरातली पोरं जवळजवळ मराठी घरांसारखीच.

माझं गृहीतक होतं की तेलुगूत वस्तूला पुल्लिंगी रूपच नाही, म्हणून आमची माणसं मराठीतही ‘तो’ टाळत असणार. टाळत नाहीत. धोटा तुटला, पट्टा सुटला, सगळं व्यवस्थित. गृहीतक गेलं. मॅडमना सांगताना रडू येईल असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “छान. आता लिहायला काहीतरी आहे.” त्याच बैठकीत त्यांनी कन्नड घरातला तिसरा गट घेशील का विचारलं. मी नाही म्हटलं. हे नाही म्हणणं हा माझा या वर्षातला सगळ्यात शहाणा निर्णय.

२० डिसेंबर

ईलानमधे (आवाजाच्या फायलीला जोडून मजकूर लिहायचं सॉफ्टवेअर) बोलणं लिहून काढायचं काम चालू आहे. एका मिनिटाच्या बोलण्याला मला सुरुवातीला पंचवीस मिनिटं लागत होती, आता बारा. सगळं बोलणं उतरवायचा हट्ट सोडला. कार्डांची उत्तरं आणि त्यांच्या आजूबाजूचं एक-एक वाक्य, बस्स.

आज मोजणीत टॉवेल कमी भरले. ऐकून मोजले तर जास्त, तक्त्यात कमी. तीन तास डोकं फोडलं. कारण असं: मी टाइप करताना ‘ॉ’ हे एक चिन्ह वापरते. मैत्रिणीच्या फोनचा कीबोर्ड काना आणि वरचा चंद्र अशी दोन चिन्हं जोडतो. पडद्यावर दोन्ही टॉवेल अगदी जुळे, संगणकाला मात्र वेगळे शब्द. ‘बॉबिन’चंही तेच. शोधा-आणि-बदला करून सगळे एकाच जातीचे केले. दोघींनी टाइप करायचं असेल तर पहिल्याच दिवशी एक कीबोर्ड ठरवा.

तक्ता सीएसव्ही म्हणून काढून एक्सेलमधे नुसता दोनदा टिचकी मारून उघडला की देवनागरीची रांगोळी होते. घाबरू नका, फाइल शाबूत असते. आत जाऊन ‘डेटा’मधून आयात करा आणि यूटीएफ-८ निवडा.

१७ जानेवारी

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत आठवडा गेला. या वेळी वेळापत्रकात धरला होता. नंदीध्वज बघितले, वांग्यांची भाजी-भाकरी खाल्ली, अपराधी वाटलं नाही.

आल्यावर दुसऱ्या कानाची तपासणी. माझ्या खुणा न बघता मैत्रिणीनं निम्मी उत्तरं पुन्हा ऐकली. दोघींचं जुळणं बघून आम्ही खूश; मॅडम खूश नाहीत. कांडी आणि धोटा कुणीही बरोबरच ऐकणार, त्या सोप्यांनी आकडा फुगतो. फक्त अडचणीचे पाच शब्द घेऊन कोहेनचा कॅपा (योगायोगानं जुळलेलं वगळून दोघींचं किती जुळतं ते सांगणारा आकडा) काढायला लावला. आकडा घसरला. भांडण जवळजवळ सगळं ‘ला’ की ‘लं’ याचंच. ती उत्तरं प्राटमधे टाकून शेवटच्या स्वराचा पहिला फॉर्मंट (तोंड जास्त उघडलं की वाढणारी स्वरातली कंपनसंख्या) बघितला. ‘आ’चा वर जातो, ‘अं’चा खाली राहतो. बऱ्याच जागा सुटल्या. नऊ जागी तरीही ठरेना, त्या ‘अस्पष्ट’.

२१ फेब्रुवारी

पहिला मसुदा परत आला. दुसऱ्या प्रकरणात मी ‘तेलुगू भाषकांच्या मराठीतील दोष’ असं लिहिलं होतं, जुलैमधे लिहिलेलं तसंच राहिलं. मॅडमनी ‘दोष’भोवती गोल केला, बाकी काही नाही. पूर्ण प्रकरण नव्यानं लिहायला बसले. सोळा पानांची अकरा झाली.

छपाईच्या दुकानात आणखी एक धडा. त्यांनी मजकूर त्यांच्या जुन्या फॉन्टमधे घेतला आणि सगळे ‘लं’ ‘ल’ झाले. प्रबंध ज्या अनुस्वारावर उभा, तोच गेला. पीडीएफ घरून करून न्या.

१४ मार्च

जमा केला. खर्च: माइक ६५०, कार्डं दोन वेळा मिळून १,२८०, पेन ड्राइव्ह ४५०, पेट्रोल अंदाजे १,१००, छपाई-बांधणी १,३४०, चहा-बिस्किटं लिहून ठेवली नाहीत. बाद रेकॉर्डिंगं सात.

काल अव्वाला तिचं रेकॉर्डिंग ऐकवलं. शेवटपर्यंत ऐकलं, मग तेलुगूत म्हणाली की ही बाई फार भरभर बोलते. स्वतःबद्दल म्हणाली की मैत्रिणीबद्दल, ते विचारलं नाही.

कार्डांचा संच उद्या विभागात देऊन टाकते, पुढच्यांना वापरता येईल. लाल चादरीचं कार्ड माझ्याकडेच ठेवते आहे.